दोन कार्डांचं जू

बरेच दिवस इथे काही लिहिणं झालं नाही. कारण सांगण्यासारखं नाही, निव्वळ आळस. पण कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला गेलो होतो, तिथे भाच्याने एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर देता देता माझाच एक जुना उद्योग वर आला. म्हटलं, लिहून टाकावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कपिलधार म्हणजे बीडहून सोलापूरकडे जाताना मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरात. मन्मथस्वामींची समाधी तिथे आहे. कार्तिकी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते, मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून दिंड्या पायी येतात. पावसाळ्यात धबधबा पाहायला जी गर्दी होते ती वेगळी, आणि यात्रेची वेगळी. आम्ही दुसऱ्या गर्दीतले. लहानपणी आईचं बोट धरून, आता गुडघा धरून.

दर्शन झालं, जरा बाजूला सावली बघून बसलो, ताईने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, दोन ग्राफिक्स कार्ड एकत्र चालवायचेत. मदरबोर्ड कोणता घेऊ, तेवढं सांगा."

"तेवढं" या शब्दाचं मला हसू आलं.

भाच्याचं व्हिडिओ एडिटिंगचं दुकान आहे. लग्नं, साखरपुडे, वाढदिवस, आणि हल्ली लोकांना हवी असतात ती थ्रीडी निमंत्रणं. हत्ती येतो, सोंडेने पडदा उचलतो, मागे वाडा दिसतो, नवरा-नवरीची नावं सोन्याच्या अक्षरांत फिरतात. हे सगळं तो ब्लेंडरमध्ये करतो. चांगलं करतो, मामा म्हणून नाही सांगत. पण लग्नसराईत एक निमंत्रण रात्रभर रेंडर होत बसतं आणि तोवर मशीन दुसऱ्या कशाला हात लावू देत नाही. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं. म्हणून दोन कार्डं. त्याने कोटेशन आणलं होतं, मोबाइलवर दाखवलं. दोन लाख साठ हजार.

आणि ताई चटणी वाढता वाढता, जणू काही दूध आणायला सांगावं तसं, म्हणाली, "माझ्या पाटल्या ठेवू की बँकेत. घालते कुठं मी."

मी गप्प झालो. कारण असलं वाक्य मी एकदा ऐकलेलं आहे.

साल २००६. मी पुण्यात, शिक्षण संपत आलेलं, गेमिंगचं भूत डोक्यावर. वडिलांना सांगितलं की प्रोजेक्टसाठी भारी कॉम्प्युटर लागतोय. ते म्हणाले, "उसाचं बिल आलंय. तुला लागतंय तर घेऊन टाक." एवढंच. कसला प्रोजेक्ट, काय कॉम्प्युटर, एक शब्द विचारला नाही. मी दोन ७६०० जीटी कार्डं घेतली, प्रत्येकी २५६ एमबीची, आणि एक मदरबोर्ड. बोर्ड कसा निवडला? खोक्यावरच्या चित्रात दोन लांब खाचा दिसत होत्या. दुकानदाराला विचारलं, दोन कार्डं चालतील ना? तो म्हणाला, "बसतील की!" त्या उत्तरात त्याची काही चूक नव्हती. बसली. दोन्ही कार्डं झकास बसली. चाललं एकच.

झालं होतं ते असं. दोन कार्डं जोडायची जी पद्धत त्या काळी होती, तिच्यासाठी खाचा पुरत नव्हत्या, परवानगी लागत होती. थोडा इतिहास सांगतो, आवडत नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

ही कल्पना १९९८ सालची, थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू-२ कार्डांची. चित्रातल्या आडव्या ओळी दोन कार्डांनी वाटून घ्यायच्या, एकाने सम, दुसऱ्याने विषम. त्याला खास मदरबोर्ड लागत नव्हता, दोन मोकळ्या पीसीआय खाचा आणि मध्ये एक केबल असली की काम झालं. पुढे ही कंपनी गोत्यात आली, २००० च्या डिसेंबरात एनव्हिडियाने तिची मालमत्ता घ्यायचा करार केला, आणि २००४ मध्ये एसएलआय हीच अक्षरं नव्या अर्थाने परत आणली. आता पीसीआय एक्सप्रेस होतं आणि एनव्हिडियाचा स्वतःचा एनफोर्स-४ एसएलआय चिपसेट होता. सुरुवातीच्या काही बोर्डांवर दोन खाचांच्या मध्ये एक बोटभर छोटी पट्टी असायची. एक कार्ड वापरायचं तर ती एका बाजूने बसवायची, दोन वापरायची तर काढून, उलटी करून परत खोचायची. मला ती पट्टी फार आवडायची, अगदी दिंडी दरवाज्याच्या अडण्यासारखी. २००५ मध्ये एटीआयने क्रॉसफायर आणलं. आणि इथे गंमत सुरू झाली. इंटेलच्या स्वतःच्या चिपसेटच्या बोर्डांवर दोन लांब खाचा असल्या तरी एनव्हिडियाची जोडी तिथे सर्वसाधारणपणे चालत नसे, क्रॉसफायरची चालत असे. अडचण तांब्याच्या तारांची नव्हतीच, ड्रायव्हरमधल्या परवानगीची होती. २००८ मध्ये इंटेलचा एक्स-५८ आला तेव्हा एनव्हिडियाने बोर्ड बनवणाऱ्यांना परवाना देऊन ती अडवणूक सैल केली.

मी २००६ सालचा. बोर्ड एका गोटातला, कार्डं दुसऱ्या गोटातली. मॅन्युअलच्या एका पानावर ते स्वच्छ छापलेलं होतं. मी मॅन्युअल उघडलं नव्हतं.

ताईने विचारलं, "मग दुसऱ्या कार्डाचं काय केलंस?"

"विकलं. अर्ध्या किमतीत."

"बाबांना सांगितलंस?"

"नाही."

ती काही बोलली नाही. अजून एक धपाटं माझ्या ताटात टाकलं.

असो. तर भाच्याला सल्ला देताना माझं मत काय? गेली काही वर्षं जाणकार मंडळींकडून एकच ऐकतोय: दोन कार्डांचा जमाना गेला, एकच मोठं कार्ड घ्या, विषय संपवा. गेमपुरतं हे शंभर टक्के खरं आहे. मी स्वतः तेच सांगेन. जोडीने चालणारी कार्डं आलटून पालटून एकेक फ्रेम काढायची, एकीला उशीर झाला की चित्र अडखळायचं. शिवाय दोन्हीकडच्या मेमरीत तोच मजकूर भरावा लागे, म्हणजे २५६ अधिक २५६ बरोबर २५६! जोडी चालावी म्हणून प्रत्येक गेमची वेगळी मशागत करावी लागे, आणि ती कोण करणार? १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या कार्डांसाठी नवी एसएलआय प्रोफाइलं देणं थांबवलं. २०२० च्या घरगुती मालिकेत जोडपट्टीची सोय फक्त आरटीएक्स ३०९० ला राहिली, आणि २०२२ च्या ४०९० वर तर तीही नाही. एएमडीने त्याआधीच आवरतं घेतलं होतं.

येताना मांजरसुंब्याच्या चौकात ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर पाहिले होते, संसार लादलेले. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला "एक कोयता" म्हणतात. उचल जोडीवर, हिशोब जोडीवर. एकटा माणूस असेल तर तो "अर्धा कोयता". भाच्याला मी म्हटलं, एसएलआय म्हणजे तसं होतं, माणसं दोन, वहीत एक. तो लगेच "हां, हां" म्हणाला. मलाच नंतर ओशाळल्यासारखं झालं. कार्डाला घाम येत नाही, आणि कार्डाच्या पाठीशी झोळीत पोर नसतं.

पण, आणि इथे मी जाणकारांपासून वेगळा होतो, भाच्याचं काम गेमचं नाही. ब्लेंडरला दोन कार्डं "एक" व्हायला नकोच असतात. त्याला दोन मजूर हवेत. चित्राचे तुकडे करून दोघांना वाटून दे, किंवा दोन वेगवेगळ्या फ्रेम दोघांकडे दे, काम जवळजवळ निम्म्या वेळात. जोडपट्टी नको, परवाना नको, दोन्ही कार्डं एकाच मॉडेलची असायलाही नको. एक जुनं, एक नवं चालतं. अट एवढीच की दृश्य प्रत्येक कार्डाच्या मेमरीत स्वतंत्रपणे मावलं पाहिजे, १२ आणि १२ जीबी मिळून २४ धरायचे नाहीत. आणि याहून मोठा फायदा म्हणजे एका कार्डावर हत्ती रेंडर होत राहील, दुसऱ्यावर तो गिऱ्हाइकाला साखरपुडा दाखवत बसेल. एका मोठ्या कार्डाने हे होत नाही असं नाही, पण मशीन गुदमरतं. ज्याने लग्नसराईत दुकान चालवलंय त्याला हे पटेल.

(हल्ली घरच्या घरी भाषेची मॉडेलं चालवणारेही दोन-दोन जुनी ३०९० शोधत असतात, २४ अधिक २४ जीबी मेमरीसाठी. तिथे मॉडेलचे थर दोन कार्डांत विभागता येतात, म्हणून तिथे बेरीज खरी होते. कामागणिक गणित बदलतं ते असं. आणि पुण्यात सी-डॅकमध्ये २०२० साली उभा राहिलेला परम सिद्धी-एआय घ्या, त्याच्या एकेका संचात आठ-आठ कार्डं आपापसांत थेट जोडलेली. घरातून जे काढून घेतलं ते तिथे आहे, फक्त आपल्या बजेटबाहेर.)

आता बोर्ड. जू म्हणा. बैल पुढेमागे बदलता येतात, पण जू आखूड निघालं तर दोन्ही बैल एकमेकांवर घासतात.

प्रोसेसरकडून ग्राफिक्स कार्डासाठी साधारण सोळा वाटा निघतात, त्यांना लेन म्हणतात. घरगुती प्रोसेसरांत हा आकडा वर्षानुवर्षं सोळाच आहे. चांगला बोर्ड दुसरं कार्ड लागल्याबरोबर आठ-आठ अशी वाटणी करतो, सख्ख्या भावांसारखी. स्वस्त बोर्ड थोरल्याला सोळाच्या सोळा देतो आणि धाकट्याला चिपसेटच्या पाटातून चार. त्याच पाटावर डिस्क, नेटवर्क, यूएसबी असे सगळे तहानलेले उभे असतात. वरून बघावं तर दोन्ही खाचा सारख्याच लांब! खाचेत टॉर्च मारून पाहिलं तर कळतं, पितळी टोकं अर्ध्यावर किंवा त्याहून आधी संपलेली असतात. खाच लांब, तारा कमी. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीत बी-६६०, बी-७६० या चिपसेटांना ही आठ-आठची वाटणी मान्यच नाही, झेड-६९० आणि झेड-७९० ला आहे. पण झेड लिहिलेला प्रत्येक बोर्ड ती देतो असंही नाही, बनवणाऱ्याने त्या तारा ओढल्या असतील तरच. म्हणून नावावर जायचं नाही. कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवायचं आणि खाचांचा तक्ता असलेलं पान काढायचं. एक कार्ड लावलं तर काय, दोन लावली तर काय, आणि कुठल्या एम-डॉट-टू खाचेत डिस्क बसवली तर कार्डाच्या लेन कापल्या जातात, हे सगळं त्या एका पानावर असतं.

एवढं सांगून झाल्यावर एक कबुली. लेनचा बाऊ जरा जास्तच होतो. पीसीआय एक्सप्रेस ४.० वर सोळा लेन म्हणजे एका दिशेने सेकंदाला साधारण ३२ जीबी, आठ म्हणजे १६, चार म्हणजे ८. ब्लेंडरमध्ये दृश्य एकदा कार्डात उतरलं की पुढचं काम आतल्या आत चालतं, चार लेननेही फारसं अडत नाही. व्हिडिओ एडिटिंगमध्ये मात्र फ्रेम सतत ये-जा करतात, तिथे आठ हव्यात. (आणि भाच्याला हेही सांगितलं की तो वापरतो ते दाविंची रिझॉल्व्ह फुकट आवृत्तीत एकाच कार्डाला कामाला लावतं, दोन हवी असतील तर पैसे भरून स्टुडिओ आवृत्ती घ्यावी लागते. हे त्याला माहीत नव्हतं. कोटेशनमध्येही नव्हतं.)

ज्याबद्दल कोणी बोलत नाही ती गोष्ट म्हणजे अंतर. मदरबोर्डवरच्या खाचांच्या जागा २०.३२ मिलिमीटरच्या पटीत ठरलेल्या असतात. हल्लीची कार्डं दोन नाही, अडीच-तीन जागा खातात. दोन लांब खाचांत तीन जागांचं, म्हणजे सुमारे ६१ मिलिमीटरचं अंतर असेल आणि वरचं कार्ड तीन जागांचं जाड असेल, तर दोघांमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट उरते. वरच्याचे पंखे खालच्याची गरम हवा ओढतात. एसीत बसून लिहिणाऱ्यांचं ठीक आहे. आमच्या बीडला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि भाच्याच्या दुकानावर पत्रे आहेत. तिथे दोन लेन कमी पडल्या तर चालेल, चार बोटं हवा कमी पडली तर नाही. म्हणून माझं मत असं की कार्डं बारीक घ्यावीत, दोन जागांची, आणि खाचांत चार जागांचं अंतर असलेला बोर्ड मिळाला तर थोडे जास्त पैसे मोजून घ्यावा.

विजेचं थोडक्यात. त्याच्या मनात आरटीएक्स ३०९० होती, सेकंडहँड. एकेक ३५० वॅटची. दोन म्हणजे ७०० आणि वर बाकीचं मशीन. दुकानात यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॅट. लाइट गेली की यूपीएस "राम" म्हणेल. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं कार्ड १७० वॅटचं आहे. त्याच्या हत्तीला १२ जीबी पुरतात का, ते आम्ही तिथेच त्याच्या मोबाइलवर ब्लेंडरच्या जुन्या स्क्रीनशॉटवरून पाहिलं. सगळ्यात मोठ्या दृश्याने साडेसात खाल्ले होते.

मग मी त्याला सांगितलं की बोर्ड आत्ताच दोन कार्डांचा घे, पॉवर सप्लाय दोन कार्डांचा घे, कार्ड एकच घे.

हा सल्ला देताना मला मोठी मौज वाटली, कारण २००६ च्या सुमारास हाच सल्ला सगळीकडे दिला जायचा आणि तो तेव्हा साफ चुकीचा होता. "आत्ता एक घे, पुढच्या वर्षी दुसरं घाल." पुढच्या वर्षी तेच कार्ड बाजारातून गेलेलं असायचं, किंवा दोघांना मिळून हरवणारं नवं एकच कार्ड तेवढ्याच पैशांत आलेलं असायचं. जोडीला तंतोतंत जुळणारं स्थळ शोधत फिरावं लागे. आज रेंडरिंगच्या कामात जोडी जुळावी लागत नाही. वर्षाने जे बरं मिळेल ते खालच्या खाचेत लावायचं. म्हणजे बोर्डावर आज टाकलेले जास्तीचे पैसे वाया जात नाहीत, आणि दुसऱ्या कार्डाचे पैसे लग्नसराईतून येतात, पाटल्यांतून नाही.

भाचा खूश नव्हता. दोन कार्डं लावलेल्या मशीनचा फोटो त्याला दुकानाच्या काचेवर लावायचा होता, हे त्याने नंतर कबूल केलं. मला ते लगेच समजलं. २००६ मध्ये माझ्या कॅबिनेटला बाजूने काच होती, आणि न चालणारं दुसरं कार्ड मी तीन महिने तसंच आत ठेवलं होतं. दिसायला दोन दिसायची.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला, दुकानातूनच. फूटपट्टी घेऊन गेला होता. डिस्प्लेला लावलेल्या बोर्डावर दोन खाचांमधलं अंतर मोजत होता आणि दुकानदार वैतागला होता. "मामा, साठच्या वर भरतंय, पण ऐंशी नाही." म्हटलं, पुढचा बोर्ड बघ. तिसऱ्या बोर्डाला ऐंशीच्या वर भरलं. मॅन्युअलचं पान त्याने मला पाठवलं, आठ-आठच्या ओळीला लाल पेनने गोल करून. मी दोनदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, मग "घे" म्हणालो.

बिल दीड लाखाच्या आत बसलं. खालची खाच रिकामी आहे. धूळ जाऊ नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावलीय, असं ताई सांगत होती. मी म्हटलं चिकटपट्टी काढ, तिला प्लॅस्टिकचं झाकण मिळतं. तर म्हणाली, "ते तू त्याला सांग. मला पाटल्या घालून पोळ्या लाटायला होत नाही, मी आताच काढून ठेवल्यात कपाटात."